बिलावर ‘जुने लोखंडी साहित्य’

बासष्ट हजार रुपये मोजून मी ट्रॅक्टरला जोडून गवत कापायचा मॉवर डेक घेतला आणि बिलावर लिहून आलं, ‘जुने लोखंडी साहित्य, ९४ किलो’. हे बिल मी वाचलं नव्हतं असं नाही. वाचलं, विचारलंसुद्धा. विकणारा म्हणाला, “काका, मॉवर लिहिलं की टॅक्स लागतो. तुमचेच पैसे वाचवतोय.” मी हसलो आणि बिलाची घडी घालून खिशात ठेवली. फसवणाऱ्याला शिव्या घालण्याआधी एवढं कबूल करून टाकलेलं बरं.

सासवडच्या पुढे आमची अडीच एकर जमीन आहे. अंजीर आणि थोडं सीताफळ. वडिलांच्या वेळचा मित्सुबिशी शक्ती १८० डी अजून चालतो. तीन सिलिंडर, साडेअठरा एचपी, झाडांच्या दोन ओळींतून आरामात जातो. एका दिव्याची काच फुटलेली आहे, ती बसवायची पाच वर्षं राहिली आहे. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, राहायला धनकवडीत. शनिवार-रविवार बोपदेव घाट चढून शेतावर जायचं, असा नेम.

पावसाळ्यात बागेत गवत कमरेला लागतं. रोटाव्हेटर मारावा तर अंजिराची मुळं वरच्या थरात असतात, दरवेळी तुटतात. तणनाशकाला हिचा सक्त विरोध. ब्रश कटर पाठीवर घेऊन दोन वर्षं कापलं, मग डॉक्टरांनी एक्स-रे समोर धरून सुनावलं. म्हणून ठरवलं, गवत मुळासकट उपटायचं नाही, वरच्यावर कापून तिथंच पडू द्यायचं. त्याला हवा मॉवर डेक. पालथ्या परातीसारखं पोलादी आवरण, आत दोन-तीन पाती, बाजूला गवत बाहेर पडायला तोंड.

डिसेंबरमध्ये मोशीच्या कृषी प्रदर्शनात चौकशी केली. तिथले बहुतेक स्लॅशर, म्हणजे शेतातलं गवत कापायची अवजारं, मोठ्या ट्रॅक्टरसाठीचे. एका स्टॉलवरच्या माणसाने हिशोब सांगितला होता की, कापायच्या रुंदीच्या दर फुटाला साधारण पाच एचपी धरा, तेही इंजिनाचे नाही, पीटीओला, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्याला, मिळतात ते. म्हणजे मला तीन फुटांचाच झेपणार. तो खरं बोलत होता आणि त्याच्याकडे माझ्या मापाचं काही नव्हतं. नंतर एका रविवारी जुन्या बाजारातही चक्कर मारली. तिथून एक पाना घेऊन परत आलो.

मग फोनवर जाहिरात दिसली. छोट्या ट्रॅक्टरसाठी इम्पोर्टेड मॉवर डेक, चार फुटी, तीन पाती, नव्याच्या निम्म्या किमतीत. भोसरीच्या बाजूला एक पत्र्याची शेड होती. पस्तिशीचा माणूस, बोलायला गोड. मी व्हिडिओ बघून गेलो होतो, त्यामुळे मला ट्रॅक्टरच्या पोटाखाली, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये बसणारा डेक हवा होता. तो म्हणाला, “काका, तुमच्या ट्रॅक्टरला मधला पीटीओ नाही. पोटाखाली बसणार नाही, कुणी बसवतो म्हणाला तर देऊ नका पैसे. मागे अवजारं अडकवायचे तीन जोड असतात ना, त्या थ्री पॉइंटला बसवून देतो.”

हे अक्षरशः खरं होतं. आणि मी इथंच विरघळलो. ज्याला विकायचं आहे तोच ‘हे घेऊ नका’ म्हणतोय, म्हणजे माणूस प्रामाणिक! आता वाटतं, बासष्ट हजारांच्या सौद्यात त्याने एवढं एकच खरं वाक्य खर्च केलं, आणि ते अगदी नेमक्या जागी.

डेक कुठल्याशा गोल्फ क्लबच्या मशीनचा, असं त्याचं म्हणणं. ट्रॅक्टर शेडमध्ये नव्हता, म्हणून मोटरवर चालवून दाखवला. डेक लोखंडी घोड्यांवर ठेवलेला, बाजूला थ्री-फेज मोटर, तिच्या पुलीवरून पट्टा थेट डेकच्या पुल्यांवर. बटण दाबलं आणि शेडमध्ये वारं सुटलं. त्याने बांबूच्या टोकाने गवताची पेंढी आत सारली. उजव्या तोंडातून हिरवा भुगा उडाला तो समोरच्या भिंतीवर जाऊन चिकटला. मी गार.

गिअरबॉक्स कुठे आहे, असं मी विचारलं होतं. “तो तुमच्या ट्रॅक्टरप्रमाणे बसवून देणार ना.” वीस हजार तिथंच दिले. बाकीचे टेम्पोत माल चढल्यावर.

डेक आला तेव्हा नवाकोरा पिवळा रंग, वर गिअरबॉक्स, मागे थ्री पॉइंटची चौकट. सोबत आलेल्या पोराने दहा मिनिटांत जोडला. खालच्या दोन पिना बसल्या, वरची टॉप लिंक बसली, पीटीओच्या सहा खाचांवर शाफ्ट सरकन बसला. उभ्या उभ्या दोन मिनिटं फिरवून दाखवला. मग पोराने मला ट्रॅक्टरवर बसवून, मागे अंजिराची झाडं येतील असा फोटो काढला. “शेठला पाठवायचाय, कस्टमर खूश आहे म्हणून.” मी खूश होतोच. गवतात चालवून बघू म्हटलं तर आभाळाकडे बघत म्हणाला, घाटात पाऊस लागेल. गेला.

दुसऱ्या दिवशी बागेत घातला. गवत कापलं जाईना, आडवं पडायला लागलं. डेकच्या पोटात लगदा साचून ट्रॅक्टर कण्हायला लागला. शेजारचे आप्पा बांधावर उभे राहून बघत होते. म्हणाले, “पाव्हणं, गवात कापताय का झोपवताय?” गिअरबॉक्सच्या टोपणातून तेलाची धार डेकवर ओघळत होती. मी फोन लावला. “काका, पीटीओ वरच्या स्पीडला टाका.” आमच्या ट्रॅक्टरला पीटीओच्या वेगवेगळ्या गती आहेत. टाकला. सगळा सांगाडा असा थरथरला की माझं सीट हललं, आणि डेकच्या कडेचा पिवळा ढलपा उडून माझ्या पायाशी पडला. पत्रा नव्हता तो. पुट्टी होती, बोटभर जाड. खाली गंजून चाळण झालेला पत्रा आणि त्यावर वेल्डिंगचे ठिगळ. ट्रॅक्टर बंद केला. पातं निखळून गेलं असतं तर, हा विचार रात्री आला.

उरुळीच्या बाजूच्या एका लेथवाल्याकडे डेक नेला. त्याने अर्ध्या तासात सगळं उलगडलं आणि चहाचे पैसेही घेतले नाहीत. ऐकण्यासारखं आहे म्हणून सविस्तर सांगतो.

डेक खराच परदेशी होता, पण लॉन ट्रॅक्टरचा, म्हणजे हिरवळ कापायच्या छोट्या गाडीचा. त्या मशीनमध्ये इंजिन मिनिटाला तीन-साडेतीन हजार फेरे फिरतं आणि पट्टा थेट पात्यांवर येतो. शेतीच्या ट्रॅक्टरचा नेहमीचा पीटीओ ५४० फेऱ्यांचा. मधली तफावत भरून काढायला गती वाढवणारा गिअरबॉक्स लागतो. माझ्या डेकवर होता तो भंगारातल्या रोटाव्हेटरचा. रोटाव्हेटरला माती उकरायची असते, म्हणून तो गिअरबॉक्स गती कमी करतो! माझा ती निम्मी करत होता, वरच्या पुल्या तिप्पट करत होत्या, म्हणजे शेवटी दीडपट. ५४० चे ८१०.

लेथवाल्याने खडूने जमिनीवर मांडून दाखवलं. पातं ४२ सेंटिमीटरचं. साडेतीन हजार फेऱ्यांना त्याचं टोक सेकंदाला सुमारे ७७ मीटर धावतं. ८१० ला जेमतेम १८ मीटर. उभं गवत नुसत्या वेगावर कापलं जातं, त्याला मागून आधार नसतो. वेग नसला की ते वाकतं, पात्याखालून निसटतं. वरच्या गतीने वेग थोडा वाढला असता, पण पाती ज्यांवर फिरतात त्या दांड्यांची, स्पिंडलची, बेअरिंग आधीच गेलेली, हाताने हलवली तरी खुळखुळत होती.

याहून मोठी गंमत पुढे. तो गिअरबॉक्स आडवा बसवायचा असतो. दांडा खाली काढण्यासाठी यांनी तो कलता केला, म्हणून हवेच्या भोकातून तेल गळत होतं. आणि पुलीला जागा मिळेना म्हणून वरची बाजू खाली करून बसवला, त्यामुळे फिरण्याची दिशाच उलटली. पात्याच्या मागच्या कडेला वर वळलेला पंख असतो, तो हवा खेचून गवत उभं करतो. माझी पाती उलटी फिरत होती. धार मागे, पंख पुढे. गवत उभं राहायच्या ऐवजी दाबलं जात होतं आणि तोंडाकडे जाण्याऐवजी आतच फिरत होतं.

मग भोसरीत भुगा कसा उडाला? कारण तिथं गिअरबॉक्स नव्हताच. दोन पोलची मोटर मिनिटाला २८०० च्या पुढे फिरते, पट्टा थेट लावलेला, आणि थ्री-फेजच्या दोन वायरी अदलाबदल केल्या की दिशा हवी ती. मला दाखवलं ते सगळं खरं होतं, फक्त मी ते विकत घेतलं नव्हतं.

लेथवाल्याने जे करून दाखवलं ते मी शेडमध्येच करू शकलो असतो. मशीन ट्रॅक्टरपासून सुटं, सगळं बंद. एका पात्याच्या टोकावर खडूची खूण करायची. शाफ्ट जोडतो तो गिअरबॉक्सचा दांडा हाताने बरोबर एक फेरा फिरवायचा, आणि दुसऱ्याने पातं किती फेरे फिरलं ते मोजायचं. या मापाच्या पात्याला सहाच्या आसपास यायला हवेत. माझे दीड आले. दिशाही तेव्हाच कळते. ट्रॅक्टरच्या मागे उभं राहून पाहिलं तर पीटीओ घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो, दांडा तसा फिरवायचा आणि पात्याची धार पुढे चालते का बघायचं. कडेला लोहचुंबक फिरवला असता तर पुट्टीही सापडली असती. चिकटलाच नसता.

विकणाऱ्याला फोन केला तेव्हा आवाजातला गोडवा तसाच. “काका, बिल बघा की. मी तुम्हाला लोखंड विकलंय. त्याचं तुम्ही काय केलं ते मला काय माहीत?” त्यानंतर माझा नंबर ब्लॉक.

ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली. नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, हे मला आधी माहीत नव्हतं. पण पहिला प्रश्न तोच, बिल काय म्हणतं? माझ्या बाजूने आता त्याच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट, ‘मॉवर कधी पाठवता’ या माझ्या मेसेजला आलेलं ‘उद्या निघेल’ हे उत्तर, आणि यूपीआयने पैसे पाठवताना सहज लिहिलेली ‘मॉवर ॲडव्हान्स’ ही दोन अक्षरं. वकील म्हणतात, त्यातलं हे शेवटचं सगळ्यात कामाचं. प्रकरण चालू आहे. अखिल भारतीय ग्राहक पंचायत १९७४ साली याच पुण्यात सुरू झाली, आणि मी पुणेकर टॅक्स वाचवायला भंगाराचं बिल घेऊन आलो. हिने हे मला एकदाच ऐकवलं, पण नीट ऐकवलं.

सध्या गवत आप्पांचा पुतण्या ब्रश कटरने कापतो, एकराच्या हिशोबाने.

गेल्या महिन्यात तीच जाहिरात पुन्हा दिसली. नंबर वेगळा, किंमत पासष्ट हजार. खाली फोटो, ‘पुरंदरमधील समाधानी शेतकरी’. लाल ट्रॅक्टर, एका दिव्याला काच नाही, मागे अंजिराची झाडं, आणि वर बसून हसणारा, पांढऱ्या टोपीतला एक गृहस्थ. तो फोटो कुणाला दिसला तर सांगून ठेवतो. तो मी आहे, आणि त्या डेकने तोवर माझ्या बागेतल्या गवताची एक काडीही कापलेली नव्हती.