नगरचे रणगाडा संग्रहालय : पाठ केलेल्या आकड्यांच्या प्रत्यक्ष भेटीला

अहिल्यानगरच्या फऱ्याबागेजवळचे रणगाडा संग्रहालय मी यंदा तिसऱ्यांदा पाहिले, आणि लष्करी इतिहासाची ज्याला गोडी आहे त्याने ते एकदा तरी पाहावेच, असे माझे ठाम मत आहे. लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने १९९४ मध्ये उभारलेल्या या संग्रहालयात सिल्व्हर घोस्टच्या सांगाड्यावर बांधलेल्या रोल्स रॉइस चिलखती गाडीपासून आपल्या विजयंता रणगाड्यापर्यंतची वाहने उघड्यावर उभी आहेत.

संरक्षणशास्त्र घेऊन बी. ए. करताना आम्ही तोफांचे व्यास, चिलखतांची जाडी आणि लढायांच्या तारखा परीक्षेपुरत्या घोकत असू. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात पाकिस्तानी रणगाड्यांशी झालेल्या असल उत्तरच्या लढाईचा नकाशा, म्हणजे घोड्याच्या नालासारखी भारतीय मोर्चेबंदी आणि पाणी सोडून चिखल केलेली शेते, मी वहीत इतक्या वेळा काढला होता की आजही तो न बघता काढता येईल. परंतु त्या चिखलात रुतलेला पाकिस्तानचा पॅटन रणगाडा केवढा असतो, याची कल्पना वहीतून कधीच आली नव्हती. येथे त्याच्या रुंद साखळीपट्ट्याशेजारी उभे राहिले, की सुमारे पंचेचाळीस टनांचे हे धूड भिजल्या शेतात का अडकले असेल, ते समजावून सांगावे लागत नाही.

या वेळी महाविद्यालयातला जुना मित्र बरोबर होता आणि जुन्या सवयीप्रमाणे आमची प्रश्नोत्तरे सुरू झाली. "पूना हॉर्सच्या निशाणाच्या काठीवर काय असतं, सांग बघू," असे त्याने या रणगाडा रेजिमेंटबद्दल विचारले आणि मी लगेच "चांदीचा पंजा" म्हणालो. १८५७ च्या फेब्रुवारीत इराणमधील खुशाबच्या लढाईत या रेजिमेंटने शत्रूचे निशाण जिंकले, त्याची ही खूण. पुण्याचे नाव मिरवणाऱ्या याच रेजिमेंटचे लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर १६ सप्टेंबर १९६५ रोजी आणि सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी धारातीर्थी पडले, व दोघांनाही परमवीरचक्र मिळाले. बसंतरच्या लढाईत पेटलेला रणगाडा सोडून येण्याचा हुकूम मिळूनही, तोफ अजून चालते आहे म्हणून खेतरपाल आतच राहिले. तेव्हा ते अवघे २१ वर्षांचे होते. त्यांचा 'फामागुस्टा' नावाचा सेंच्युरियन रणगाडा नगरलाच आर्मर्ड कोअर सेंटरने जपला आहे. त्यामुळे संग्रहालयातल्या सेंच्युरियनपुढे आम्ही दोघेही बराच वेळ काही न बोलता उभे राहिलो.

माझ्या दृष्टीने येथली सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे चिलखताची जाडी. ब्रिटिश माटिल्डाच्या पुढच्या भागाचे पोलाद ७८ मि.मी., म्हणजे शेजारी शेजारी धरलेल्या चार बोटांएवढे, तर जपानी हा-गो या हलक्या रणगाड्याचे जास्तीत जास्त १२ मि.मी., म्हणजे करंगळीएवढे. हे दोन्ही आकडे मला विद्यार्थिदशेपासून पाठ होते. मात्र त्या करंगळीएवढ्या पत्र्याआड तीन माणसे लढाईला जात असत, हे हा-गोजवळ वाकून पाहताना प्रथमच आतून जाणवले.

तसेच पीटी-७६ आणि चॅफी हे दोन रणगाडे एकाच फेरीत पाहावेत. २१ नोव्हेंबर १९७१ रोजी, युद्ध जाहीर होण्याच्याही आधी, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील गरीबपूरला भारताचे पीटी-७६ आणि पाकिस्तानचे चॅफी समोरासमोर आले आणि आपल्या ४५ कॅव्हलरी रेजिमेंटच्या पीटी-७६ च्या स्क्वाड्रनने (तुकडीने) ती लढाई जिंकली. स्क्वाड्रनचे नेतृत्व करणारे मेजर दलजितसिंग नारंग त्यात कामी आले. पीटी-७६ नदीत तरंगतो तो त्याच्या होडीसारख्या पोकळ अंगामुळे, आणि तरंगण्यासाठीच त्याचे चिलखत पातळ ठेवलेले आहे, हे जवळून पाहिल्यावर नीट उमगते.

जाण्यापूर्वी १९६५ आणि १९७१ च्या युद्धांवर थोडे वाचून जावे, कारण नावे ओळखीची असली की प्रत्येक वाहनापाशी पाय थबकतात. सकाळची वेळ निवडावी. दुपारी पोलाद चांगलेच तापते आणि नगरचे ऊन सौम्य नसते. शाळकरी मुलांना अवश्य न्यावे, आणि माटिल्डापाशी आल्यावर त्यांना आपली चार बोटे शेजारी शेजारी धरून पाहायला सांगावे.