टायपिंगने मनगट दुखतंय: नोकरी आत्ता बदलावी की बरं वाटल्यावर?

जुन्या जागी जम बसलेला असतो. मध्येच उठून हात मोकळे केले तरी कुणी विचारत नाही. पण ज्या कामाने दुखणं लागलं तेच दिवसभर चालू राहिलं, तर नुसता पट्टा बांधून हात सावरत नाही. रात्री अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होऊन जाग येत असेल तर मनगटातली मीडियन नस दबलेली असू शकते. आधी डॉक्टरांना दाखवा.

नव्या जागी स्वतःला सिद्ध करण्याच्या नादात हात जास्तच राबतात, हे मी भोगलंय. म्हणून ऑफर लेखी हातात आली की रुजू होण्याआधीच उभा माऊस (तळहात आडवा न टेकवता उभा ठेवून धरायचा), व्हॉइस टायपिंग मागून घ्या. टायपिंग खरंच कमी होणार असेल, तर मी बदलाच्याच बाजूने आहे.