माल उचलायची हमी आणि तेलाचा डबा

आमच्या बचत गटातल्या दोघीजणी परवा विचारायला आल्या, "साबणाच्या प्रशिक्षणाला जाऊ का? माल तेच उचलणार आहेत म्हणे." ते ऐकलं आणि ठरवलं, आता हे सगळं लिहूनच काढायचं. मी सांगलीची. २०२३ साली याच बोलण्यावर माझे बत्तीस हजार गेले.

जुलैमध्ये विश्रामबागेतल्या एका हॉलमध्ये दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. फी पंधराशे. शिकवणारे गृहस्थ शांत होते, प्रत्येकीला ताई म्हणून बोलायचे. आणि त्यांनी शिकवलं मात्र नीट, हे मी आजही नाकारत नाही. कॉस्टिक सोडा, म्हणजे तेलाचा साबण करणारा दाहक क्षार, नेहमी पाण्यात घालायचा, पाणी कॉस्टिकवर ओतायचं नाही. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं घ्यायचं नाही. एक किलो खोबरेल तेलाचा साबण व्हायला साधारण १८३ ग्रॅम कॉस्टिक लागतं, एरंडेलाला १२८, शेंगदाणा तेलाला १३६. त्यातून पाच टक्के कमी धरायचं, म्हणजे थोडं तेल साबणात शिल्लक राहतं आणि कातडीला त्रास होत नाही. हे सगळं बरोबर होतं, म्हणून तर विश्वास बसला.

जाताना दोन किलो तेल दिलं. त्याचे चोवीस साबण झाले. सहा आठवडे वाळवून ऑगस्टअखेर दिले, तर सत्तर रुपये वडीप्रमाणे १,६८० रुपये त्याच संध्याकाळी खात्यावर जमा. सासूबाईंना मोबाइलवर दाखवले. त्या म्हणाल्या, "बघ, घरबसल्या झालं."

सप्टेंबरात मोठं किट घेतलं. खोबरेलाचे पंधरा-पंधरा किलोचे दोन डबे, कॉस्टिक, साचे, कटर, वजनकाटा, सुगंधी तेलं. गटातून २५,००० उचलले, ७,००० घरातले. स्टँपपेपरवर करार झाला. त्यात एक ओळ होती: "गुणवत्ता चाचणीत उत्तीर्ण झालेला मालच स्वीकारला जाईल." मी ती वाचली होती. मला ती रास्त वाटली. चांगला माल मागणारच की कुणीही.

पहिला डबा फोडून पाच-पाच किलोचे दोन घाणे घातले. दरवेळी कॉस्टिक ८७० ग्रॅम, काट्यावर दोनदा मोजून. पण मिश्रण घट्ट व्हायला पहिल्यापेक्षा फार वेळ लागला. वड्या कापल्यावर दोन-चार दिवसांत अंगावर तेलाचे थेंब सुटले, मध्ये पांढरे ठिपके. फोन केला तर म्हणाले, "हवा दमट आहे ताई, वाळले की जाईल."

नोव्हेंबरात एका सकाळी भाजीच्या फोडणीची हळद बोटांना लागलेली होती. त्यातलीच एक वडी घेऊन हात धुवायला गेले. कुठल्याही साबणाने हळद लालसर होतेच, सांगलीत हळदीचा डाग कुणाला नवा नाही. पण ही बोटं क्षणात कुंकवात बुडवल्यासारखी लालभडक झाली, आणि पाठोपाठ आग सुरू झाली. पाण्याखाली दहा मिनिटं हात धरला तरी तळवा संध्याकाळपर्यंत चरचरत होता. अंगठ्याच्या मुळाशी सालपट निघालं.

तरी मला वाटलं, माझंच मोजमाप चुकलं. त्यांनीही तेच सांगितलं. मी वड्या त्यांच्याकडे घेऊन गेले होते, आठवड्याने निरोप आला: "पीएच, म्हणजे क्षार, जास्त आहे, माल नापास. पुन्हा प्रशिक्षण घ्या, साडेचार हजार भरा, मग बघू." त्या रात्री मी वहीतले आकडे चार वेळा तपासले. आकडे बरोबर होते.

उत्तर डिसेंबरात मिळालं. पहाटेच्या गारठ्यात खिडकीतली डोक्याला लावायची बाटली गोठून दगड झाली होती, आणि शेजारीच पहिल्या डब्यातलं उरलेलं खोबरेल मात्र ओतलं तर धार पडत होती. चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली खोबरेल थिजायला लागतं, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. दोन्ही तेलं वाटीत काढून फ्रिजमध्ये ठेवली. बाटलीच्या तेलात चमचा शिरेना. डब्याच्या तेलाचा लगदा झाला, वर पातळ थर तरंगत होता.

शेजारची मुलगी रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी करते. तिने कॉलेजच्या प्रयोगशाळेत अल्कोहोलातल्या पोटॅशबरोबर तेल उकळून त्यात गरम पाणी घातलं. शुद्ध तेलाचं द्रावण स्वच्छ राहतं, आमचं दुधासारखं गढूळ झालं. म्हणजे खनिज तेल, लिक्विड पॅराफिन. पॅराफिनचा साबण होतच नाही, ते कॉस्टिकला दाद देत नाही. समजा किलोत तीनशे ग्रॅम पॅराफिन असेल, तर उरलेल्या सातशे ग्रॅम खोबरेलाला १२८ ग्रॅम कॉस्टिक पुरतं. मी हिशेबाने १७४ घालत होते. वरचं ४६ ग्रॅम वडीत तसंच राहणार आणि कातडी जाळणार.

मग करारातली ती ओळ डोळ्यांपुढे आली. तेल त्यांचं, चाचणी त्यांची. त्या तेलाचा साबण पास होणं शक्यच नव्हतं, आणि नापास मालाचे पैसे द्यायचे नसतात. म्हणून दोघींना मी एवढंच सांगितलं, की जो कच्चा माल विकतो त्याच्याच तोंडून माल उचलायची हमी घेऊ नका. तेल गणपती पेठेतून बिलासकट स्वतः आणा. मी नंतर भाव विचारले तर सगळं किट निम्म्या पैशांत बसलं असतं. किटमधलं "चंदन तेल" तर सहाशेला शंभर मिली लावलं होतं. खरं चंदन तेल किलोला लाखाच्या वर जातं.

आणखी एक गोष्ट ते लपवतात. अंगाचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनांत येतो, आणि विकायला बनवायचा तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. आम्हाला "घरगुती आहे, काही लागत नाही" असं छातीठोक सांगितलं होतं. माझ्या साबणाने कुणाचं तान्हं बाळ भाजलं असतं तर दारात माझ्याच आले असते लोक. त्या विचाराने अजून झोप उडते.

जानेवारीत फोन बंद झाला. हॉल दुसऱ्याच नावाने घेतलेला निघाला. पैसे गेले होते एका व्यक्तीच्या खात्यावर, जीएसटीचं बिल कधी दिलंच नव्हतं, फक्त कच्ची पावती. पोलिसांत अर्ज दिला आहे. जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, आणि स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर धंद्यासाठी घेतली म्हणून हाकलत नाहीत. पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, मी तीन महिने उशीर केला.

गटाचे हप्ते शिवणकामातून फेडते आहे, चार राहिलेत. दुसरा डबा मी फोडलेला नाही. सील तसंच आहे, कपाटामागे ठेवलाय, तारखेला आयोगापुढे न्यायचा आहे. तुमच्याकडे असा डबा असेल तर ओतून टाकू नका, आणि तक्रारीत माझ्याबरोबर उभं राहायचं असेल तर गटाच्या अध्यक्षांकडे निरोप ठेवा.