एका कॉलमचे साडेतीन हजार

₹74,000 बुडाले. आकडा एकदाच लिहितो, सोसायटीच्या मीटिंगमध्ये तो पुरेसा ऐकून झालाय.

घोडबंदर रोडवरची आमची 56 फ्लॅट्सची सोसायटी. मी खजिनदार, बँकेत 31 वर्षं काढलेला. मेंटेनन्सच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर करून देतो म्हणून एक जण आला, तोही ओळखीतून. ₹38,000 ॲडव्हान्स. डेमोला त्याने टेबल उघडलं: डावीकडे फ्लॅट नंबर, पुढे रांगेने मेंटेनन्स, पाणी, पार्किंग, सिंकिंग फंड, टोकाला एकूण. मी म्हणालो, "वा, किती सुटसुटीत!" तिथेच अक्कल गहाण पडली. बँकेत नवं हेड, म्हणजे जमा-खर्चाचा नवा प्रकार, आला की आम्ही खतावणीत नवं पान उघडायचो, जुन्या पानावर उभ्या रेघा मारत बसायचो नाही. हे मला ठाऊक होतं हो! पण ऑडिट डोक्यावर होतं आणि कमिटीत दुसरं कोणी हात लावायला तयार नव्हतं.

मग सुरू झालं. रिपेअर फंड वेगळा हवा? नवा कॉलम, ₹3,500. भाडेकरू ठेवणाऱ्यांचा नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, जो सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांवर घेताच येत नाही? ₹3,500. थकबाकीचं व्याज? असे सहा कॉलम, ₹21,000. नंतर भाच्याने कागदावर काढून दाखवलं: हेडची यादी एका टेबलात, पावत्या दुसऱ्यात, पावतीतली एकेक रक्कम तिसऱ्यात, हेडच्या नंबरासकट. नवं हेड म्हणजे यादीत एक ओळ. ती वॉचमनही भरेल! शिवाय रकमा फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश जवळपास साठवणाऱ्या प्रकारात. पैशांचा मेळ का बसत नव्हता ते तेव्हा कळलं. पैशांसाठी डेसिमलच मागा, त्यात पैसे नेमके राहतात. आणि 'एकूण' ही बेरीज नव्हतीच, हाताने भरायचा आकडा होता.

मी कटकट केली तसा त्याने पासवर्ड बदलला. डेटा हवा तर ₹15,000. दिले. आली एक एक्सेल फाइल, नुसत्या एकूणची. मग फोन बंद.

चौकीत साहेब म्हणाले, "पैसे तुम्हीच दिलेत ना? काम केलंय त्याने. दिवाणी मामला." हेल्पलाइन म्हणे चौकीत जा, चौकी म्हणे ऑनलाइन टाका. एका सरकारी कचेरीत तीन चकरा मारल्यावर कळलं की सॉफ्टवेअर त्यांच्या कक्षेतच येत नाही. तक्रारीची पोच मागितली तर शिक्का कपाटात आणि किल्लीवाला रजेवर!

सर्व्हर आणि ॲडमिन पासवर्ड सोसायटीच्या नावावर नसेल तर अशा माणसाला चहासुद्धा पाजू नका.

हल्ली पावत्या मीच फाडतो. परवा 204 च्या काकूंनी विचारलं, "ते सॉफ्टवेअर कधी येणार?" मी कार्बन सरळ करत बसलो.