कार्डावरचं फुटेज घ्यायचं कुठून: विंडोजच्या फोल्डरातून की एडिटरच्या आतल्या ब्राउझरमधून?

व्हिडिओ एडिटिंगसाठी अडोबीचं प्रीमियर सुरू केलं की बहुतेक जण शेजारी विंडोजचं फोल्डर उघडतात, फाइली निवडतात आणि सरळ प्रोजेक्टमध्ये ओढतात. आत मीडिया ब्राउझर नावाचं पॅनेल असतं हे माहीत असतं, पण तिकडे हात जात नाही. मी दोन्हीकडून बरंच काम केलंय. कोणती सवय लावून घ्यावी, या विचारात असलेल्यांसाठी हा माझा अनुभव.

बाहेरून ओढण्यात वेग आहे, हे मान्यच. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पत्रिका, एखादं गाणं, गिऱ्हाइकानं पेनड्राइव्हवर दिलेले फोटो, यासाठी मी आजही तेच करतो. नावानं शोधणं, तारखेनं लावणं विंडोजमध्ये अंगवळणी पडलेलं असतं. आतला ब्राउझर मोठ्या फोल्डरात थंबनेल दाखवायला वेळ घेतो, आणि नेटवर्कवरच्या डिस्कवर तर माझ्याकडे तो रेंगाळतो.

माझा निर्णय मात्र कुस्तीच्या शूटिंगनं केला. कोल्हापुरात खासबागेच्या कुस्ती मैदानात निकाली कुस्ती लागली की कॅमेरा बंद करायची सोय नाही. डाव कोणत्या क्षणी पडेल ते कोण सांगणार? आणि एफएटी32 या पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या कार्डावर एका फाइलला 4 जीबीची मर्यादा असते. काही कॅमेरे तर 2 जीबीलाच नवी फाइल सुरू करतात. एव्हीसीएचडी या कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंग फॉरमॅटमध्ये सेकंदाला 24 मेगाबिटनं शूट केलं तर 4 जीबी म्हणजे साधारण 22 मिनिटं. लांबलेली कुस्ती कार्डावर तुकड्यांतच उतरते.

हे तुकडे म्हणजे एव्हीसीएचडीच्या एमटीएस फाइली. त्या बाहेरून ओढून टाइमलाइनवर एकापुढे एक लावले, की सांध्यावर आवाज क्षणभर तुटायचा. भाषणाच्या व्हिडिओत ते कदाचित खपून गेलं असतं. इथे मागे हलगी-घुमकं कडाडत असतं, आणि बघणारे तालमीत वाढलेले. ठेका तुटलेला त्यांच्या कानाला लगेच कळतो. क्रॉसफेड टाकून, म्हणजे एक आवाज दुसऱ्यात हळूहळू मिसळून, खटका मऊ होतो, पण गेलेला आवाज परत येत नाही. पैलवानानं त्याच क्षणी पट काढलेला असेल तर चित्रातही झटका दिसतो. मला हे फार लागायचं, कारण ती कुस्ती पुन्हा होणार नसते.

मीडिया ब्राउझरमधून तेच कार्ड उघडलं की तो कार्डावरची फोल्डरांची रचना वाचतो आणि सगळे तुकडे मिळून एकच क्लिप दाखवतो. हेडफोन लावून ऐकलं, मला तरी सांधा सापडला नाही.

बाकीचे फायदे त्यामानानं लहान. क्लिपवर डबल क्लिक केलं की इम्पोर्ट न करताच ती सोर्स मॉनिटर या बघण्याच्या खिडकीत बघता येते; लग्नाची भरलेली कार्डं चाळताना याची किंमत कळते. इन्जेस्टचा चौकोनही तिथेच आहे, तो टिकला की कार्डावरून कॉपी आणि इम्पोर्ट एकाच वेळी होतं. डाविंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या एडिटरच्या मीडिया पेजवरही मीडिया पूलमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या साठ्यात, न टाकता क्लिप बघता येते. रंकाळ्यावरच्या टाइमलॅप्सचे, म्हणजे ठरावीक अंतरानं काढलेले, शेकडो फोटो तिथे एकच क्लिप म्हणून दिसतात, हा मला रिझॉल्व्हचा मोठा गुण वाटतो.

तुमचं काम मोबाइलवरच्या सुट्या एमपीफोर फाइलींचं असेल, तर बाहेरून ओढत राहिलात तरी फारसं बिघडणार नाही, असं मला वाटतं. कार्ड भरून शूट करणाऱ्यांनी मात्र आतलाच ब्राउझर धरावा. अट एकच: कार्डावरच्या स्ट्रीम फोल्डरातल्या एमटीएस तेवढ्या उचलून आणू नका, कार्ड प्रायव्हेट फोल्डरासकट जसंच्या तसं कॉपी करा. दुसऱ्या कॅमेरामनकडून फुटेज घेतानाही हे आधीच सांगून ठेवा. नुसत्या एमटीएस हातात आल्या तर आतल्या ब्राउझरलाही ते तुकडे जोडता येत नाहीत.