एस्काकेस: सात ग्रह, ३३६ घरं आणि एक अवघड फासा

स्पेनमधल्या कॅस्टिलचा राजा दहावा अल्फोन्सो याने बुद्धिबळ, फासे आणि सोंगट्यांवर करवून घेतलेला ग्रंथ १२८३ मध्ये सेव्हिलला पुरा झाला. हस्तलिखित आज माद्रिदजवळच्या एल एस्कोरियल मठाच्या ग्रंथालयात आहे. त्याच्या शेवटच्या भागात एस्काकेस हा ग्रहांचा खेळ येतो. त्यावर बेतलेल्या कापडी पटाच्या संचाचं हे परीक्षण.

पट देखणा आणि हिशेबी आहे. बारा राशींच्या फाका, त्यांतून फिरणारी सात कडी. सर्वांत आतल्या चंद्राच्या कड्यात राशीला एकच घर, बुधाच्या दोन, शुक्राच्या तीन, असं वाढत शनीच्या कड्यात सात. फाशालाही सात बाजू, म्हणजे सरासरी दान चार. चंद्राची फेरी तीन दानांत आटोपते, शनीला एकवीस लागतात. ग्रहांचा वेग समजावण्याची इतकी सोपी युक्ती क्वचितच सापडेल.

प्रत्येक खेळाडूचा एक ग्रह. ग्रह स्वगृही, म्हणजे स्वतःच्या राशीत, बसून निघतात: रवी सिंहेत, चंद्र कर्केत, शनी कुंभेत वगैरे. राहू-केतू नाहीत. दुसऱ्या ग्रहाशी लाभयोग (दोन राशींचं अंतर) किंवा नवपंचम (चार राशींचं) झाला की सोंगट्या मिळतात, केंद्रयोग (तीन राशींचं) किंवा प्रतियोग (समोरासमोर) झाला की द्याव्या लागतात. पंचांग वाचणाऱ्याला मोजणी नवी नाही. फक्त मंगळ, गुरू, शनी यांच्या खास दृष्टी विसरायच्या. मात्र रंग घोळ घालतात. इथे हिरवा गुरू आहे आणि पिवळा रवी! पहिले दोन डाव हिरव्याला बुध समजूनच जातात.

आता उणिवा. शनीच्या कड्याचा व्यास ४५ सेंमी, परीघ सुमारे १४१. त्यात ८४ घरं, म्हणजे एका घराला जेमतेम १.७ सेंमी. संचातले मोहरे मात्र २ सेंमीचे. राशीच्या सीमेवर मोहरा दोन्हीकडे टेकतो आणि योग झाला की नाही यावर वाद होतो. १२ मिमीची बटणं वापरा.

फासा सप्तकोनी दांड्यासारखा आहे. बाजूंची संख्या विषम असल्याने तो आडवा पडला की वर बाजू येत नाही, कड येते. आकडे बाजूंवर छापलेत, त्यामुळे दर वेळी उचलून खालचा आकडा बघावा लागतो. त्यापेक्षा आठ बाजूंचा फासा घ्या, आठ पडले की पुन्हा टाका.

नियमपत्रकात एक गोष्ट सुटली आहे: फक्त चाललेल्या ग्रहाचे योग धरायचे की पटावरचे सगळे? आधीच ठरवा, चाललेल्याचेच धरलेले बरे, नाहीतर दर दानाला हिशेबच चालतो.

खेळ म्हणून पाहिलं तर एक मोहरा, एक फासा, निवड शून्य. पटासाठी घ्या, डावासाठी नको. तिघेच असाल तर प्रत्येकी दोन ग्रह घेऊन, आलेलं दान कुठल्या ग्रहाला लावायचं ते ज्याचं त्याला ठरवू द्या. मूळ खेळात हे नाही, पण एवढ्यानेही डोकं चालवायला थोडी जागा मिळते.