घोळणा फुटला तर नाकात काय घालावं: काडी, स्पंज आणि फुग्याचा हिशोब

घोळणा फुटला की दवाखान्यात जे काही नाकात घातलं जातं, त्या सगळ्याच्या आधी येणारं साधन हाताशीच असतं: अंगठा आणि तर्जनी. फक्त दाबायची जागा बहुतेकांची चुकते. चष्मा टेकतो त्या हाडावर दाबून काहीच होत नाही. हाड दबत नाही आणि रक्त येतं ते त्याच्या बरंच खालून. दाबायचा तो शेंड्याकडचा मऊ भाग, दोन्ही नाकपुड्या पूर्ण बंद होतील असा. बसून, मान जराशी पुढे, श्वास तोंडाने, घशात उतरलेलं रक्त थुंकत, घड्याळ लावून १० ते १५ मिनिटं. ‘थांबलं का बघू’ म्हणून मिनिटामिनिटाला बोट काढलं की धरू लागलेली गुठळी सुटते आणि वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजावा लागतो. मान मागे टाकल्याने रक्त थांबत नाही, नुसतं दिसेनासं होतं. ते पोटात जातं, मळमळतं, आणि उलटीच्या जोराने पुन्हा सुरू होतं.

एवढ्या साध्या उपायाला यश येतं, कारण साधारण ९० टक्के वेळा रक्त नाकाच्या पडद्याच्या, म्हणजे दोन नाकपुड्यांमधल्या भिंतीच्या, पुढच्या भागातून येतं. तिथे वेगवेगळ्या धमन्यांच्या फांद्यांचं जाळं आहे, डॉक्टर त्याला लिटल्स एरिया म्हणतात. वरची त्वचा पातळ, हवा कोरडी आणि बोट पोचतं नेमकं तिथेच.

दाबून भागलं नाही तर ०.०५ टक्के ऑक्सिमेटाझोलिनचा, म्हणजे रक्तवाहिन्या आकुंचन करणाऱ्या औषधाचा, स्प्रे. इथे क्रम महत्त्वाचा. आधी हलकेच शिंकरून गुठळ्या बाहेर काढायच्या, मग दोन फवारे, मग पुन्हा १० मिनिटं दाब. गुठळीवर मारलेला फवारा गुठळीवरच राहतो, रक्तवाहिनीपर्यंत पोचत नाही. औषध स्वस्त, लवकर लागू पडणारं आणि पहिल्या फळीत ठेवण्याजोगं, पण तीन दिवसांपुरतंच. नंतर नाक उलट चोंदायला लागतं. रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर विचारूनच.

ट्रॅनेक्झामिक ॲसिडात (गुठळी विरघळू न देणारं औषध) भिजवलेल्या कापसाचं कौतुक मात्र जरा आवरतं घ्यावं. २०१३ मध्ये आलेल्या एका चाचणीत ५ मिलीत ५०० मिग्रॅ औषध कापसावर घेऊन नाकात ठेवलं, आणि ७१ टक्के रुग्णांचं रक्त १० मिनिटांत थांबलं. नेहमीच्या पॅकिंगने, म्हणजे नाकात बोळा ठासून, ३१ टक्क्यांचं. त्यावर बरेच जण खूष झाले. मग २०२१ मध्ये ब्रिटनमधली २६ रुग्णालयांतली, ४९६ रुग्णांची नोपॅक चाचणी आली. दाब आणि आकुंचन करणारं औषध देऊनही ज्यांचं रक्त थांबलं नव्हतं, अशांवर ती होती. पॅकिंग लागलं औषधाच्या गटात ४३.७ टक्क्यांना, नुसतं पाणी लावलेल्या गटात ४१.३ टक्क्यांना. म्हणजे फरक नाही. करून पाहायला हरकत नाही, पण त्यापायी पुढचा उपाय लांबवू नये.

वारंवार घोळणा फुटणाऱ्यांसाठी सिल्व्हर नायट्रेटची काडी हा आमच्या मते सगळ्यात वसूल उपाय. आगपेटीच्या काडीसारखी लांब काडी, टोकाला ७५ टक्के सिल्व्हर नायट्रेट आणि २५ टक्के पोटॅशियम नायट्रेट. आधी लिग्नोकेन आणि ॲड्रिनॅलिनचा कापूस १०-१५ मिनिटं ठेवून जागा बधिर आणि कोरडी करायची. मग काडी थेट रक्तवाहिनीवर न टेकवता तिच्याभोवती गोल फिरवत आत यायचं, एका ठिकाणी ५ ते १० सेकंद. जागा राखाडी-पांढरी पडली की झालं. धार लागलेली असताना काडी लावणं म्हणजे काडी वाया: रक्त रसायनाला धुऊन नेतं आणि ते वाहत जिथे जाईल तिथे भाजतं. वरच्या ओठावर ओघळ आला तर काळा डाग पडतो, म्हणून ओठाला आधीच व्हॅसलिन लावलेलं बरं.

एका बैठकीत पडद्याच्या दोन्ही बाजू समोरासमोर जाळू नयेत. पडद्यातल्या कूर्चेला रक्तपुरवठा दोन्ही बाजूंच्या आवरणातून मिळतो. दोन्हीकडचा तोडला तर पडद्याला भोक पडतं, आणि श्वास घेताना शिट्टी वाजणारं ते भोक सहजासहजी बुजत नाही. दुसरी बाजू चार ते सहा आठवड्यांनी.

आता पॅकिंग. मेरोसेल हा दाबून सुकवलेला स्पंज, मोठ्यांसाठी नेहमीचा ८ सेंमीचा. पाणी लागलं की फुगतो आणि आतून दाब देतो. घालताना होणारी मुख्य चूक दिशेची. बाहेरून नाक वर जाताना दिसतं, म्हणून हात आपोआप वर वळतो. पण नाकाचा रस्ता कानाच्या दिशेने, सरळ मागे जातो. टाळूला समांतर, नाकाच्या तळाला धरून, एका दमात सरकवला तर बसतो. चाचपडत घातला तर वाटेतच ओला होऊन फुगतो आणि अर्धवट अडकतो. बाहेर दोन बोटं स्पंज लोंबत असेल तर तो बसलेलाच नाही. आत गेल्यावर साधारण १० मिली सलाईन, आणि दोरा गालावर चिकटवायचा.

रॅपिड ऱ्हायनोत फुगा असतो आणि त्यावर कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजचं कापड. हे कापड ओलं झालं की बुळबुळीत जेल होतं आणि गुठळी धरायला मदत करतं. ५.५ सेंमीचा पुढच्या रक्तस्रावाला, ७.५ सेंमीचा जास्त आतपर्यंत. वापरण्याआधी ३० सेकंद निर्जंतुक पाण्यात बुडवायचा. सलाईनमध्ये नाही, आणि वर मलमही नाही, दोन्हींनी जेल नीट होत नाही. मेरोसेलच्या सवयीने हात आधी मलमाच्या ट्यूबकडे जातो, तिथेच घोटाळा. फुगवायचा हवेने, बाहेरची छोटी गोटी बोटाला घट्ट लागेपर्यंत.

रक्त थांबवण्यात दोघे जवळपास सारखेच. फरक दुखण्यात. मेरोसेल घालताना आणि काढताना जास्त दुखतो, कोरडा पडला तर खपलीसकट ओढून निघतो आणि पुन्हा रक्त. काढण्याआधी सलाईन टाकून ५-१० मिनिटं थांबलं तर त्रास बराच कमी. रॅपिड ऱ्हायनोतली हवा काढली की तो घसरत बाहेर येतो. निवड हातात असेल तर रॅपिड ऱ्हायनो; नसेल तर नीट घातलेला मेरोसेल हा वाईट घातलेल्या रॅपिड ऱ्हायनोपेक्षा कधीही चांगला. दोन्ही साधारण एक ते तीन दिवसांत काढायचे. ताप, पुरळ, चक्कर आली तर लगेच दाखवायचं, कारण जंतूंच्या विषाने होणारा शॉक दुर्मीळ असला तरी खरा आहे.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर काढावाच लागणार नाही असा, आपोआप विरघळणारा पॅक मागावा. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात. वॉरफरिनवर (रक्त पातळ करणारी एक गोळी) असाल तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

पुढून पॅक केला आणि घशातून रक्त उतरतंच आहे, तर उगम मागे आहे. तिथे दोन फुग्यांचा पॅक किंवा फोली कॅथेटर (टोकाला फुगा असलेली नळी), आणि भरती होणं आलंच. मागचं पॅकिंग श्वासावर आणि हृदयावर ताण आणू शकतं. कॅथेटरचा चिमटा नाकपुडीच्या कडेवर रुतून कातडी मरते, त्याखाली गादी हवीच. तरी थांबलं नाही तर दुर्बिणीतून स्फेनोपॅलाटाइन धमनी (नाकाच्या मागच्या भागाला रक्त पुरवणारी) बांधणं हा पॅकवर पॅक चढवण्यापेक्षा शहाणा मार्ग. दुसरा पर्याय म्हणजे मांडीतून नळी नेऊन धमनी बंद करणं. त्यात पक्षाघात आणि अंधत्वाचा थोडा पण गंभीर धोका असतो, आणि नाकाच्या वरच्या भागातल्या एथमॉइड धमनीतून येणाऱ्या रक्ताला तो चालत नाही, कारण ती डोळ्याच्या धमनीची फांदी.

वारंवार घोळणा, ओठ-जिभेवर लाल ठिपके आणि घरात आणखी कुणाला हेच, असं असेल तर एचएचटी हा रक्तवाहिन्यांचा आनुवंशिक आजार तपासावा. त्यात पुन्हा पुन्हा जाळून घेणं नुकसानीचं. किशोरवयीन मुलाचं एकच नाक चोंदतं आणि त्यातूनच रक्त येतं, तर काडी लावण्याआधी दुर्बीण आणि स्कॅन.

घोळणा पुन्हा फुटू नये म्हणून सलाईन जेल दिवसातून दोन-तीनदा, मटाराएवढं, पडद्याला बोट न घासता नाकपुडीत सोडून बाहेरून हलकं दाबायचं. ॲलर्जीचा स्टेरॉइड स्प्रे चालू असेल तर उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या, म्हणजे धार आपोआप पडद्यापासून दूर, कानाकडे जाते. घरी ऑक्सिजन चालू असलेल्यांनी पेट्रोलियम जेली नाकाजवळ आणू नये, ती पेट घेऊ शकते. त्यांना पाण्याच्या आधाराचं जेलच.